खिळ्याला टांगलेला नान

३ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी ही वही लिहायला सांगितली. म्हणाल्या, "तुर्गुन-ओता, तुमचा रक्तदाब मिठाने चढत नाही, काळजीने चढतो. काळजी आली की बायकोला सांगायच्या आधी कागदाला सांगत जा." शिवाय जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन या वर्षी करूनच टाका, आणि समोरचा दात बसवून घ्या, असंही म्हणाल्या. तो दात कुणाचा तरी बूट लागून पडला त्याला वीस वर्षं झाली. ऑपरेशनचं मी बघू म्हटलं. आठ वर्षं बघतोच आहे.

रिसोलतने लगेच दोनशे पानी वही आणली. मी म्हटलं, शंभर पुरली असती. ती म्हणाली, "तुमच्या काळज्या मला ठाऊक आहेत. ही भरली की दुसरी आणते."

मी सातवीपर्यंत शिकलो. पुढे कापूस, मग सैन्य, मग आमच्या कोकतेपा फुटबॉल क्लबाची कपड्यांची खोली. चाळीस वर्षं झाली, आता सगळं गाव मला ओता, म्हणजे बाबा, म्हणतं. चुका असतील तर वाचणाऱ्याने वाचू नये.

आजची काळजी. काल घरच्या मैदानावर आम्ही पाच गोल खाल्ले. उस्तादाला, म्हणजे संघाला शिकवणाऱ्याला, अध्यक्ष गुलोमजोननी मैदानावरच हाकललं. त्याची टोपीही अजून माझ्या खोलीत आहे. आता नवा उस्ताद म्हणून येतोय आपलाच एलमुरोद. सगळ्या गावाला आनंद. या मैदानावर वाढलेला, राजधानीत खेळलेला, रशियात, कोरियात गोल केलेला. चायखान्यात सकाळी सात वाजता लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. जणू तो येऊन स्वतः सगळे गोल करणार आहे. चाळीस वर्षांचा आहे तो. गुडघ्यात खिळे आहेत.

मी मात्र खोलीत जाऊन आतून कडी लावली आणि नानकडे बघत बसलो.

तो एकोणिसाव्या वर्षी गेला तेव्हा त्याच्या आईने, मुहब्बत-ओपाने, सगळ्या आया करतात तेच केलं. तंदूरमधून नान काढला, पोराला एक घास चावायला लावला, उरलेला भिंतीवर टांगला. माणसाने परत यावं आणि तो संपवावा. तो मधे पाच-सहा वेळा आला, पण मोटार चालू ठेवूनच. "पुढच्या वेळी खातो, आई." सहा वर्षांपूर्वी ओपा गेली. त्याच दिवशी दफन. हा कोरियातून तिसऱ्या दिवशी पोचला. त्याच्या थोरल्या भावाने घर विकलं तेव्हा मी नान मागून घेतला आणि इथे, बुटांच्या फळीवर, पिशवीत घालून टांगला. एलमुरोदने तेव्हा माझे हात डोळ्यांना लावले होते.

पुढच्याच हिवाळ्यात उंदराने तो खाल्ला. ओपाचा नान, पोराचा घास, सगळं. पिशवीत चुरा उरला आणि लेंड्या.

मी काय केलं ते इथे लिहितो आणि वही गादीखाली ठेवतो. मी रिसोलतचा एक नान घेतला, एक घास चावला, वाळवला आणि टांगला. कुणाला सांगितलं नाही. आठ दिवसांनी लक्षात आलं की नानवर नक्षी टोचायचा ठसा प्रत्येक घरचा वेगळा असतो. ओपाचा ठसा म्हणजे ठिपक्यांचं वर्तुळ आणि मधे चांदणी. रिसोलतचा सहा पाकळ्यांचं फूल. पण तोवर नान वाळून दगड झाला होता.

६ सप्टेंबर

आला. पोट थोडं सुटलंय. नाक तेवढंच मोठं. सगळ्यांच्या आधी माझ्या खोलीत आला, वाकून भेटला, म्हणाला, "ओता, ही खोली अजून तशीच घाण मारते. जीव शांत झाला."

मग वर बघितलं. पिशवी खाली घेतली, नान बाहेर काढला. मी बुटाच्या नाड्या मोजायला लागलो. त्याने चावलेल्या कडेवर बोट फिरवलं. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं दातात काही अडकलंय.

"ओता, दात कसे आहेत?"

"एक नाही. बाकीचे आहेत. का रे?"

त्याला एकदम खोकला आला. भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ खोकत होता, खांदे हलत होते. डोळ्यांत पाणी आलं. खोलीत धूळ फार आहे, मी मागेच पंखा मागितला होता.

पोरं जमली तेव्हा त्याने तो नान सगळ्यांसमोर उंच धरला. "हा माझा. गेली एकवीस वर्षं माझी वाट बघतोय. आज नाही खाणार. संघ या दर्जात ज्या दिवशी टिकेल त्याच दिवशी इथेच बसून संपवीन." आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आणि दुसऱ्या दिवशी तुर्गुन-ओता ऑपरेशनला जातील. कबूल?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कबूल करण्यावाचून इलाज नव्हता. घरी येऊन रक्तदाब मोजला. लिहीत नाही, रिसोलत वाचेल.

नऊ सामने उरलेत. शेवटचे दोन संघ खालच्या दर्जात जातात. आम्ही खालून दुसरे.

१४ सप्टेंबर

हरलो. एक–तीन.

एलमुरोदची शिकवण्याची पद्धत अशी: तो चेंडू मागतो, गोल मारतो आणि म्हणतो, "असं." पोरं मान हलवतात. मग तो पुन्हा मारतो. या आठवड्यात त्याने आपल्याच गोलकीपरवर, हिकमतवर, साठ गोल केले. हिकमत आता चेंडू दिसला की डोळे मिटतो.

२१ सप्टेंबर

पुन्हा हरलो. अध्यक्ष गुलोमजोन कपडे बदलायच्या खोलीत आले. यांची सार्वजनिक न्हाणीघरं आहेत शहरात, तीन. फुटबॉल त्यांना त्यांच्या मेव्हण्याने समजावून सांगितलाय.

"गोलकीपर नुसता उभा असतो," ते म्हणाले. "पगार मात्र सगळ्यांइतकाच! त्यालाही पुढे पाठवा."

एलमुरोद म्हणाला, "मग गोल कोण अडवणार, अध्यक्ष?"

"आता तरी कोण अडवतंय?"

हे मात्र खरं होतं. जाताना ते दारात थांबले आणि सांगून गेले की खालच्या दर्जात गेलो तर क्लब बंद. मैदानावर लग्नाचा हॉल बांधायचा नकाशा तयार आहे. नकाशात कपड्यांच्या खोलीच्या जागी कांदे चिरायची जागा आहे. मी स्वतः बघितला.

२४ सप्टेंबर

आज एक विचित्र गोष्ट. मी मागच्या अंगणात शर्ट भिजवत होतो. एलमुरोद उलट्या बादलीवर येऊन बसला. चेहरा उतरलेला.

"ओता, मला हे जमत नाही. मैदानावर मी काय करायचो ते मला माहीतच नाही. पाय करायचे. पायांना कसं विचारू?"

मी शर्ट पिळत म्हटलं, "तुझे कपडे धुवायला मला सगळ्यात कमी त्रास व्हायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे स्वच्छ असायचे. तू कुणाच्या मदतीला मागे जायचास कधी? अकरा वर्षांचा असल्यापासून तू चेंडू एकदाच माझ्याकडे दिलास, तोही हवा भरायला."

तो हसला नाही. पातेल्यातला एक शर्ट उचलून म्हणाला, "हा कुणाचा?"

मी सांगितलं. हे काय, रोजचं आहे. चाळीस वर्षं धुतोय, नंबर न बघता सांगू शकतो. सातवा नंबर: छातीवर गवताचा डाग नाही, पाठीवर घाम नाही, हा दुसऱ्या अर्ध्यात उभा असतो. चौथ्याची उजवी बाही ओढलेली, म्हणजे तो नेहमी उजवीकडून चुकतो आणि मग माणसाला धरतो, तो माणूस याची बाही ओढून सुटतो, याला डावीकडे ठेवला तर बाही वाचेल. सतराव्याला कधी खेळवत नाहीत, पण सरावात त्याचेच मोजे सगळ्यात घाण. आणि नववा, जवलोन, आपला गोल करणारा, त्याची चड्डी मागून पांढरीशुभ्र. "तुझ्यासारखीच," मी म्हटलं. "आई बघत असल्यासारखा खेळतो. कपडे मळवायचे नाहीत."

एलमुरोद उठला आणि खिशातून कागद काढून लिहायला लागला. किती साबण लागतो ते लिहीत असावा. बाहेरच्या देशांत राहून माणूस स्वच्छतेचा वेडा होतो.

५ ऑक्टोबर

जिंकलो! एक–शून्य. मागच्या आठवड्यात बरोबरी होती.

त्याने सगळं उलटं केलं. सातव्याला बाहेर बसवलं, चौथ्याला डावीकडे हलवलं, सतराव्याला घेतलं. ज्यांचे कपडे स्वच्छ त्यांना शिक्षा, असं दिसतंय. मला पोरांचं वाईट वाटलं, पण मी उस्तादाच्या कामात नाक खुपसत नाही.

चायखान्यात गावाने मांस-भाताचा पलोव घातला. मला मांसाचा मोठा तुकडा वाढला. मी तो शेजारच्याला देऊन टाकला. कारण मी हिशेब केला. असेच जिंकत राहिलो तर टिकणार. टिकलो की तो नान खाणार. खायच्या आधी उजेडात धरणार. त्यावर फूल!

आणि हरलो तर मैदान गेलं, एलमुरोद गेला, माझ्या खोलीत कांदे.

आज नमाजात देवाकडे नेमकं काय मागावं ते सुचेना. म्हटलं, जे योग्य ते कर. मग भीती वाटली की तो खरंच योग्य ते करेल.

१२ ऑक्टोबर

युक्ती सुचली. ओपाचा ठसा मिळवायचा, नवा नान भाजायचा, जुना म्हणून टांगायचा. एलमुरोदच्या थोरल्या भावाच्या बायकोकडे गेलो. खरबूज घेऊन गेलो, संशय नको म्हणून.

"मुहब्बत-ओपाचा नानचा ठसा असेल ना घरात?"

"होता की," ती म्हणाली. "एलमुरोद घेऊन गेला. आला त्याच संध्याकाळी. खरबूज कशाला आणलंत, ओता?"

मी म्हटलं, असंच. परत आणता येत नव्हतं.

एलमुरोदला ठसा कशाला हवा? एकटा राहतो, अंडं उकडता येत नाही त्याला. दोन बायका सोडून गेल्या. आईची आठवण म्हणून घेतला असेल. आणि मी त्या पोराला फसवतोय. रक्तदाब एकशे सत्तर.

१३ ऑक्टोबर

न राहवून रिसोलतला विचारलं, "समज, एखाद्याचा टांगलेला नान हरवला, आणि दुसऱ्याने त्याच्या जागी—"

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "पाच वर्षांपूर्वी माझ्या तंदूरमधला एक नान कमी निघाला होता. मी शेजारच्या कुत्र्याला शिव्या दिल्या होत्या."

मी विषय बदलला. ती फार जवळून जाते कधी कधी, पण तिला कळत नाही.

२६ ऑक्टोबर

हे रोजचंच झालंय. सामन्यानंतर एलमुरोद बादलीवर येऊन बसतो. "काय म्हणतात कपडे?" मी सांगतो. तो लिहितो. मग दोन दिवसांनी संघ बदलतो. मी विचारलं, "माझं ऐकून कुणाला बसवत तर नाहीस ना?" तो म्हणाला, "छे छे, ओता. तुम्ही धुवा, मी शिकवतो."

आता तो गोल मारून दाखवत नाही. नुसता कडेला उभा राहतो, हात खिशात. पाय मात्र वळवळतात. आज जवलोनने रिकाम्या गोलसमोर चेंडू दुसऱ्याला दिला आणि त्या दुसऱ्याने तो ढगात मारला. पूर्वीचा एलमुरोद असता तर मैदानात शिरून दोघांना मारलं असतं. हा म्हणाला, "छान दिलास, जवलोन." आणि मग माझ्याकडे वळून हळूच एक अशी शिवी दिली की मी वहीत लिहू शकत नाही. रिसोलतच्या माहेरची आहे.

२ नोव्हेंबर

हरलो. शेवटचा सामना बाकी. कालव्यापलीकडच्या सोयबुलोकशी, आपल्या मैदानावर. बरोबरी केली तरी टिकतो. हरलो तर गेलो.

अध्यक्षांनी मैदानाची मापं घ्यायला माणूस पाठवला होता. त्याने गोलच्या खांबाला फीत लावली आणि म्हणाला, "इथे नवरी बसेल." हिकमतने त्याच्या अंगावर चेंडू लाथाडला. या वर्षी पहिल्यांदा त्याचा नेम बरोबर लागला.

८ नोव्हेंबर

उद्या सामना. एलमुरोदला सांगून टाकायचं ठरवलं. खोलीत तो एकटाच होता, बुटांना तेल लावत. उस्ताद बुटांना तेल लावतो का कधी? पण घाबरला की त्याला लहानपणापासून हेच सुचतं.

"एलमुरोद, नानबद्दल एक सांगायचंय."

"उद्या, ओता."

"नाही, आज. तो नान—"

"ओता." त्याने बूट खाली ठेवला. "आईच्या घरी तो नान भिंतीवर होता, तेव्हा मी कधी बसून खाल्ला नाही. घर विकलं, तेव्हाही थांबलो नाही. या गावात माझी वाट बघणारं काही शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. मी आलो आणि खिळ्याला नान होता. एवढं मला पुरे. बाकी काही सांगू नका."

मग मी कसं सांगणार? इतका भोळा विश्वास!

९ नोव्हेंबर

शून्य–शून्य.

सबंध दिवस पाऊस. मैदान म्हणजे भातखाचर. नव्वद मिनिटं सोयबुलोकवाले आमच्या गोलसमोर तळ ठोकून होते. गावातली माणसं "मारा!" ओरडत होती, आणि एकवीस वर्षं नुसते गोल मारलेला माणूस कडेला उभा राहून घसा फोडत होता, "मागे! सगळे मागे! जवलोन, तूसुद्धा, गाढवा!"

अध्यक्ष छत्रीतून म्हणाले, "हा पळपुटा खेळ बघायला मी पैसे देतो का?"

मी म्हटलं, "तुम्ही फुकट पासावर आलात." कसं तोंडातून निघालं कळलं नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला हिकमत घसरला. चेंडू गोलकडे निघाला. मी डोळे मिटले. खरं लिहायचं तर त्या क्षणी मला नान आठवला नाही, ठसा आठवला नाही, काहीच नाही. मी ओरडलो ते नंतर लोकांनी सांगितलं. डोळे उघडले तर गोलरेषेवर चिखलात एक माणूस आडवा पडलेला, चेंडू त्याच्या पोटाखाली. नंबर दिसत नव्हता. जवलोन होता. पांढऱ्या चड्डीचा काही मागमूस नव्हता.

शिट्टी वाजली. टिकलो. एलमुरोद चिखलात गुडघ्यांवर बसला. त्या खिळ्यांच्या गुडघ्यांवर! उठवायला तिघे लागले.

मग सगळे माझ्या खोलीत. रिसोलतही आली, चहाची किटली घेऊन. एलमुरोदने पिशवी काढली. मी पंखा नसताना पंख्याचं बटण शोधत होतो. त्याने नान उजेडात धरला नाही. सरळ कापडात गुंडाळला आणि बुटाच्या टाचेने फोडला. एक एक तुकडा चहात बुडवून खात राहिला. शेवटचा चुराही तळहातावर घेऊन तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसलं नाही.

"आईच्या हातचाच," तो म्हणाला. "फक्त मीठ थोडं जास्त."

"मीठ जास्त?" रिसोलत दारातून कडाडली. "बरोब्बर होतं मीठ!"

सगळी पोरं हसायला लागली. मेलेल्या बाईची बाजू इतक्या त्वेषाने घ्यायचं काय कारण होतं, मला कळलं नाही. पण मी पायऱ्यांवर जाऊन बसलो आणि श्वास सोडला. सुटलो. बिचाऱ्याला काही कळलं नाही.

घरी येऊन रक्तदाब मोजला. एकशे पस्तीस. यंत्र बिघडलं असावं.

१० नोव्हेंबर

शब्द म्हणजे शब्द. सकाळी इस्पितळात जायला निघालो तर अंगणात सगळा संघ. एलमुरोदने मोटार आणली होती. रिसोलतने तंदूरमधून नान काढला आणि माझ्यासमोर धरला.

"मी काय लढाईवर चाललोय?" मी म्हटलं. "चार दिवसांत येतो."

"चावा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा नव्हता.

नानवर फूल नव्हतं. ठिपक्यांचं वर्तुळ होतं, मधे चांदणी.

"हा ठसा कुठून आला?"

"एलमुरोदने दिला. म्हणाला, यापुढे तुमच्या तंदूरला असू दे."

मी एक घास चावला. गरम होता. मीठ बरोब्बर. एलमुरोदने माझ्या हातातून नान घेतला, चावलेली बाजू पोरांकडे केली. दोन्हीकडे दातांच्या खुणा आणि मधे, जिथे माझा दात नाही तिथे, नानचा एक सुळका तसाच उभा.

"ओळखलात का?" त्याने पोरांना विचारलं.

"ओळखला!" सगळे ओरडले आणि एकमेकांच्या अंगावर पडून हसले. जवलोन तर जमिनीवर बसला.

म्हाताऱ्याच्या पडक्या दाताला हसतात. लाज नाही. आल्यावर सगळ्यांचे मोजे एकाच पातेल्यात घालतो.

११ नोव्हेंबर, इस्पितळ

उद्या सकाळी ऑपरेशन. शेजारच्या खाटेवरचा माणूस सोयबुलोकचा निघाला. त्याने माझ्याशी बोलणं बंद केलंय, त्यामुळे लिहायला वेळ आहे.

भीती वाटते. खोटं कशाला लिहू? पण काल इस्पितळात येताना क्लबावर मोटार थांबवून मी नान कुठे टांगतायत ते बघून घेतलं. खोलीत त्याच खिळ्याला. पिशवीत नाही. एलमुरोदने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, त्यात नान ठेवला, झाकण तारेने आवळलं आणि मगच टांगला. ठोकून बघितला. वर म्हणाला, "या वेळी उंदराच्या बापालाही मिळणार नाही."

रात्रभर विचार करतोय, उंदराचं याला कुणी सांगितलं? मी नाही. वही तर कायम गादीखाली असायची, आणि गादीला रिसोलतशिवाय कुणी हात लावत नाही.

परत गेलो की विचारणार आहे.